बारा तासांच्या हजेऱ्या किती? दीड की दोन?

(चंद्रपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

 

मित्रांनो आणि बहिणींनो, आजचा विषय कायद्याचा आहे. पण मी इथे कलमांची यादी वाचून दाखवणार नाही. मला एकच हिशेब मांडायचा आहे. तो डोक्यात बसला की कलमं आपोआप लक्षात राहतात.

आपल्याकडे कामाचं मोजमाप हजेरीने होतं. आठ तास काम केलं की एक हजेरी. चार तास आणखी थांबलं की मुकादम वहीत अर्धी हजेरी वाढवतो. म्हणजे बारा तासांची दीड हजेरी. ठेक्यावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो आणि तो बरोबरच आहे असं त्याला वाटतं. साधं गणित आहे ना, आठाला एक तर बाराला दीड. काही ठिकाणी तर दीडसुद्धा मिळत नाही. सिक्युरिटी गार्ड, हॉटेल, ढाबा, गोदाम, पेट्रोल पंप, अशा ठिकाणी ‘ड्यूटीच बारा तासांची आहे’ असं सांगून महिन्याचा एकच आकडा हातात ठेवतात.

कायद्याचं गणित वेगळं आहे. कायद्याने बारा तासांच्या दोन हजेऱ्या होतात. दीड नाही. हे मला आज तुम्हाला पटवून द्यायचं आहे.

आधी हिशेब

समजा, आपला एक मुलगा एका कारखान्यात ठेक्यावर आहे. महिन्याच्या २६ दिवसांचे त्याला १५,६०० रुपये मिळतात. म्हणजे दिवसाचे ६००. आठ तासांनी भागा, तासाचे ७५ रुपये झाले. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे १५०. तो रोज चार तास जादा थांबतो. चार गुणिले १५०, म्हणजे ६०० रुपये. पहिल्या आठ तासांचे ६०० आणि नंतरच्या चार तासांचेही ६००. झाल्या की नाही दोन हजेऱ्या?

महिन्याचा आकडा काढा. दोन हजेऱ्यांनी ३१,२०० होतात. दीड हजेरीने २३,४०० मिळतात. फरक ७,८०० रुपयांचा. वर्षाला ९३,६००. आणि ज्याला ‘बारा तासांची ड्यूटी’ म्हणून फक्त १५,६०० मिळतात, त्याचा दर महिन्याला अख्खा एक पगार बुडतो.

कुणी म्हणेल, कारखान्यांच्या जुन्या कायद्यात दिवसाला नऊ तास चालायचे, मग हा हिशेब कसा जमेल? तरीही जमतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दोन मर्यादा होत्या. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास. दोन्हींपैकी कुठलीही ओलांडली की दुप्पट दर. सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. त्यातले ४८ साधे आणि २४ जादा. चोवीसचे दुप्पट ४८. आठवड्याचा हिशेब पुन्हा दोन आठवड्यांच्या पगारावरच येतो.

दुप्पट का? दीडपट का नाही?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सरकारने कामगारावर मेहेरबानी म्हणून दुप्पट दर ठेवला असं पुष्कळांना वाटतं. त्यामागचं कारण फार व्यवहारी आहे.

चोवीस तास चालणारं एक यंत्र घ्या. त्यावर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर तीन माणसं लागतात, तीन हजेऱ्या पडतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या आणि दीड हजेरी दिली, तर दोन माणसं लागतात आणि हजेऱ्या पडतात त्याही तीनच. रोजचा खर्च सारखा. पण तिसऱ्या माणसाचा पीएफ वाचला, त्याची रजा वाचली, बोनस वाचला, गणवेश आणि बूट वाचले. मग ठेकेदार तिसरा माणूस कशाला ठेवेल?

आता दोन हजेऱ्यांनी हिशेब करा. दोन माणसांच्या चार हजेऱ्या होतात. तीन माणसांच्या तीनच. इथे तिसरा माणूस ठेवणं स्वस्त पडतं. दुप्पट दर त्यासाठीच आहे. जादा तास महाग पडावेत आणि मालकाने नवीन माणूस कामावर घ्यावा, ही त्यामागची रचना आहे.

म्हणून ही गोष्ट फक्त काम करणाऱ्याची नाही. बारा तास राबणाऱ्या दोघांमागे एक तिसरा असतो, जो आयटीआय करून चौकात बसलेला आहे. तो तुमचा भाऊ असेल, मोहल्ल्यातला दोस्त असेल. ‘आमच्या पोरांना काम नाही’ ही तक्रार आपण सगळेच करतो. दीड हजेरीच्या हिशेबात त्याचं काम गेलेलं असतं.

हे आलं कुठून

आठ तास काही आभाळातून पडलेले नाहीत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. त्या वेळच्या मागण्या पाहा. आठवड्याची एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार ठरलेल्या तारखेच्या आत द्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण आज रविवारी इथे बसू शकतो, त्यामागे ही माणसं आहेत. गिरण्यांच्या विणकाम खात्यांत मोमीन विणकरही मोठ्या संख्येने राबले. तेव्हा या सुट्टीचा इतिहास आपलाही आहे.

आपल्या जिल्ह्यात कोळसा एकोणिसाव्या शतकापासून निघतो आहे, वरोऱ्याची खाण त्या काळातली. तेव्हा खाणीत किती तास काम करून घ्यायचं याला मर्यादाच नव्हती. ती आली १९२३ च्या खाण कायद्याने, तीही आठवड्याला जमिनीवर ६० आणि जमिनीखाली ५४ तास. कारखान्यांचे तास १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ झाले. १९४६ च्या दुरुस्तीचं विधेयक मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साठावरून अठ्ठेचाळीसवर यायला चोवीस वर्षं लागली.

दीड हजेरी सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा

कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकातलं आहे. म्हणून एक प्रत्यक्ष घडलेला खटला सांगतो.

लॉकडाऊनच्या काळात, १७ एप्रिल २०२० ला, गुजरात सरकारने एक अधिसूचना काढली. कारखान्यांना दिवसाला बारा तास आणि आठवड्याला ७२ तास काम करून घ्यायची मुभा दिली. आणि जादा तासांचा मोबदला? दुप्पट नाही, प्रमाणात. अधिसूचनेत उदाहरणच दिलं होतं की आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२० द्यावेत. ओळखीचा वाटतो ना हा हिशेब? आपल्या मुकादमाची दीड हजेरी तिथे सरकारी कागदावर छापली गेली होती.

गुजरात मजदूर सभा या संघटनेने त्याला आव्हान दिलं. १ ऑक्टोबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने या अधिसूचना रद्द केल्या. महामारी हे संकट खरं आहे, पण त्याचा सगळा बोजा कामगाराच्या अंगावर टाकता येणार नाही, अशी कोर्टाची भूमिका होती. ज्या काळात कामगारांनी जादा तास काम केलं, त्या काळाचा कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम देण्याचे आदेशही दिले. लक्षात घ्या, देश बंद असताना, एका राज्य सरकारने सही-शिक्क्यानिशी काढलेली दीड हजेरी कोर्टात टिकली नाही. तुमच्या ठेकेदाराची तोंडी दीड हजेरी कशी टिकेल?

दुसरा खटला जवळचा, नागपूरचा. दहा कर्मचाऱ्यांचा. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, असा तिथे प्रश्न होता. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या, की माणसाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाच्या? १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत उत्तर दिलं की प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाच्या.

आजचा कायदा काय म्हणतो

२०२५ मध्ये बरंच काही बदललं. त्यामुळे गोंधळही झाला आहे.

३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांच्या कायद्यांत बदल मंजूर केले. कारखान्यात दिवसाचे नऊऐवजी बारा तास, दुकाने आणि आस्थापनांत नऊऐवजी दहा तास. ओव्हरटाइमची तीन महिन्यांची मर्यादा कारखान्यांत ११५ तासांवरून १४४ वर आणि दुकानांत १२५ वरून १४४ वर. ही बातमी आली आणि अनेकांनी तिचा अर्थ असा लावला की आता बारा तास कायदेशीर झाले, संपला विषय. विषय संपला नाही. त्याच निर्णयात जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल आणि मोबदला दुप्पटच राहील, हेही होतं. बातमीचा तेवढा भाग मुकादम सांगत नाही.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. आपल्या विषयाच्या दोन. एक, वेतन संहिता २०१९. दुसरी, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२०. कारखान्यांचा, खाणींचा, मोटार वाहतूक कामगारांचा, बिडी कामगारांचा असे वेगवेगळे कायदे या दुसऱ्या संहितेत एकत्र आले. त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस ही मर्यादा आहे. त्यापुढचं काम कामगाराच्या संमतीने आणि दुप्पट दराने.

या संहितांवर कामगार संघटनांचे मोठे आक्षेप आहेत, आणि त्यातले काही मलाही पटतात. पूर्वी दहा कामगार आणि वीज असली की कारखाना म्हणून कायदा लागायचा, आता वीस लागतात. पण आठ तास आणि दुप्पट दर या दोन गोष्टी नव्या कायद्यातही आहेत. ‘नवीन कायद्यात ओव्हरटाइम गेला’ असं कुणी सांगितलं तर त्याला कलम विचारा.

आता १४४ तासांचा हिशेब करा, तो महत्त्वाचा आहे. रोज बारा तास, आठवड्याला सहा दिवस. म्हणजे आठवड्याला २४ तास जादा. तीन महिन्यांत तेरा आठवडे. तेरा गुणिले चोवीस, ३१२ तास. मर्यादा किती? राज्याने वाढवून ठरवलेली मर्यादासुद्धा १४४. म्हणजे सहा आठवड्यांत ती संपते. बाराही महिने ‘बारा तासांची ड्यूटी’ कुठल्याच हिशेबात बसत नाही, दुप्पट पैसे दिले तरीही नाही. एखादा मोठा ऑर्डर आला, कुणी आजारी पडलं, यंत्र बिघडलं, अशा वेळेसाठी जादा तास असतात.

आपल्याकडे तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उघड्या खाणीत, बॉयलरजवळ, सिमेंटच्या धुळीत, पत्र्याच्या गोदामात बारावा तास कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. अपघात शेवटच्या तासांत होतात. मर्यादा पैशासाठी आहे तशीच हात-पाय शाबूत राहण्यासाठीही आहे.

नेहमीच्या सबबी

ओव्हरटाइम मागायला गेलं की ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक पाहू.

‘तू सुपरवायझर आहेस, तुला ओव्हरटाइम नाही.’ सुपरवायझर हे नाव पुरेसं नाही, प्रत्यक्ष काम काय ते पाहिलं जातं. तुम्ही स्वतः यंत्र चालवता, पोती मोजता, गेटवर उभे राहता आणि कार्डावर फक्त सुपरवायझर लिहिलं आहे, तर तुम्ही कामगारच. आणि खरोखर देखरेखीचं काम असलं तरी नव्या संहितेत १८,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा पर्यवेक्षक कामगारांतच मोडतो.

‘तू नगावर आहेस, पोत्यावर आहेस.’ मूल, सिंदेवाही, वडसा या भागांतल्या राईस मिलमध्ये हे उत्तर नेहमीचं. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातच नगावर काम करणाऱ्यासाठी हिशेब दिलेला होता. त्याची पूर्ण वेळ कामाच्या दिवसांची सरासरी कमाई काढायची आणि तिच्यावरून तासाचा दर ठरवायचा. नगावर असणं म्हणजे हक्कातून बाहेर असणं नव्हे.

‘मी कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे.’ हे तर आपणच आपल्याला सांगतो. वेतन द्यायची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने दिलं नाही तर मूळ आस्थापनेची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि वेतन संहितेतही आहे. ठेका संपला, ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला, तरी गेटच्या आतली कंपनी तिथेच असते.

‘तुझा मूळ पगार फक्त इतका, बाकी भत्ते.’ पगाराचे तुकडे करून दुप्पट दर लहान आकड्यावर काढायचा, ही जुनी युक्ती. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. पगारपत्रक हातात आल्याशिवाय हे तुकडे दिसत नाहीत. पगारपत्रक देणं मालकावर बंधनकारक आहे.

‘तू सही केली आहेस.’ घाईत कोऱ्या कागदावर, इंग्रजी छापील फॉर्मवर आपण सह्या करतो. तरीही ऐका, संहितेप्रमाणे मिळणारी रक्कम सोडून देतो असा करारच रद्दबातल ठरतो. हक्क सहीने सोडता येत नाही.

कायदा जिथे पोचत नाही

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल.

दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. २०२५ च्या बदलात ती अट वीसवर नेण्याचा निर्णय झाला. गोल बाजारातलं कपड्याचं दुकान, मोबाईलचं दुकान, गॅरेज, टायरचं दुकान, बेकरी, यांत वीस माणसं कुठे असतात? आपली बहुतेक मुलं अशाच ठिकाणी आहेत. तिथे या कायद्याचे तास आणि सुट्ट्या लागत नाहीत. मात्र वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. किमान वेतन आणि ठरलेल्या दिवसापुढच्या तासांना किमान दुप्पट दर, या गोष्टी एकच नोकर असलेल्या दुकानातही मागता येतात.

जिथे हा २०१७ चा कायदा लागतो, तिथल्यांनी एक लक्षात ठेवा. वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी बसून ठरवायच्या आहेत. ईदची सुट्टी आदल्या रात्री हात जोडून मागायची गरज नाही, डिसेंबरमध्येच यादीत घालून घ्या. जुम्म्याच्या नमाजासाठी वेगळी तरतूद या कायद्यांत नाही. पण काही तासांच्या सलग कामानंतर अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद जुनीच आहे. शुक्रवारी ती विश्रांती नमाजाच्या वेळेशी जुळवून घ्यायला मालकाचं काही जात नाही. सगळ्यांनी मिळून मागितलं तर बहुतेक मालक ऐकतात.

ट्रक चालवणाऱ्या भावांचा प्रश्न वेगळा आहे. सूरजागडचं लोहखनिज असो की खाणीतला कोळसा, ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून माणूस झोप मारून गाडी चालवतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्यात आठ तासांचा दिवस आणि दुप्पट ओव्हरटाइम ठरवला होता. तो कायदा आपल्या रस्त्यांवर फारसा दिसला नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे असलेला ड्रायव्हर तर त्याच्या बाहेरच राहिला.

आणि काही जण पूर्ण बाहेर आहेत. गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे निघून दुपारपर्यंत पानं तोडायची आणि रात्रीपर्यंत पुडे बांधायचे, त्याला तासांचा हिशेबच नाही, पुड्यांचा आहे. तीच पानं पुढे ज्या घरांत जातात, तिथे आपल्या आया-बहिणी हजार बिड्यांच्या दराने बिड्या वळतात. घरी बसून केलेल्या कामाला आठ तासांची मर्यादा लागत नाही. मोबाईलच्या ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना नव्या कायद्याने नाव दिलं, ‘गिग कामगार’, पण ते सामाजिक सुरक्षेपुरतं. त्यांचे तास कुणी मोजत नाही. या लोकांना ओव्हरटाइमचा कायदा उपयोगी पडणार नाही. त्यांच्यासाठी दराची लढाई करावी लागेल. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव आपल्या हातात घेऊन ती सुरू केलेली आहे.

मग करायचं काय

पहिलं, वही. शंभर पानी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा. तारीख, गेटमध्ये गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, काय काम केलं. महिन्याच्या शेवटी मिळालेले पैसे आणि कसे मिळाले, रोख की खात्यात. रोज लिहिलेल्या वहीला किंमत असते. तीन वर्षांनी आठवून लिहिलेल्या कागदाला नसते.

दुसरं, पुरावे. गेटपास, हजेरी कार्ड, मस्टरचा फोटो, बँकेचं पासबुक, पीएफचा नंबर, पाळी कळवणारे व्हॉट्सॲपचे मेसेज, ड्रायव्हर असाल तर बिल्ट्या आणि वजनकाट्याच्या पावत्या. सगळं जपून ठेवा. नेमणूक पत्र मागा, नव्या संहितेत ते देणं बंधनकारक आहे.

तिसरं, मुदत. पूर्वी किमान वेतनाच्या कायद्यात दावा सहा महिन्यांत करावा लागायचा. वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे. सुरुवातीच्या हिशेबातला महिन्याचा ७,८०० चा फरक तीन वर्षांत २,८०,८०० होतो. शिवाय थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि पैसे दिले की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तुम्ही किती तास काम केलं ते मात्र तुमच्या वहीतूनच उभं राहणार.

चौथं, जायचं कुठे. कोळसा आणि लोहखनिजाच्या खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथल्या ठेका कामगारांनी केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जावं. राईस मिल, गॅरेज, दुकान, हॉटेल, सॉ मिल यांच्यासाठी राज्याचं कामगार कार्यालय. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की महिने जातात.

पाचवं, एकटे जाऊ नका. ‘तक्रार केली तर काढून टाकतील’ ही भीती खोटी नाही. घरी आई आजारी आहे, गाडीचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न आहे, अशा मुलाला मी ‘जा, लढ’ असं मोकळेपणाने कसं सांगू? म्हणूनच वेतन संहितेत एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज करायची सोय आहे. कामगार ज्या नोंदणीकृत संघटनेचा सदस्य आहे, ती संघटनाही त्याच्या वतीने अर्ज करू शकते. वीस जणांचा एक अर्ज असला की एकाला काढून भागत नाही. आणि त्या वीस जणांत फक्त आपले नसावेत. तुमच्या पाळीत गोंड मुलगा आहे, बौद्ध मुलगा आहे, तेली-कुणबी आहे, तेलंगणातून आलेला, छत्तीसगडहून आलेला आहे. दीड हजेरी सगळ्यांची सारखीच कापली जाते. बिरादरी पाहून कुणाला दोन मिळत नाहीत.

शेवटचं, जे आपल्यातच मालक आहेत त्यांच्यासाठी. इथे बसलेल्या काहींची गॅरेज आहेत, बेकऱ्या आहेत, दोन-चार गाड्या आहेत. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. वेळेवर देणं त्यात आलं, तसं पूर्ण देणंही आलं. आपल्याकडचा पोऱ्या सकाळी नऊला येतो आणि रात्री दहाला जातो, त्याच्या हजेऱ्या किती लावतो हे आधी आपल्या वहीत पाहू. कंपनीकडे दोन मागायच्या आणि दुकानात एकच द्यायची, असं चालणार नाही.

पुढच्या बैठकीला भाषण नको. प्रत्येकाने या महिन्याची वही घेऊन यावं, मालकांनी त्यांचं हजेरीबुक आणावं. आपण चटईवर बसून एकेकाचा हिशेब करू. ज्यांचा फरक निघेल त्यांची यादी करू आणि ती घेऊन सगळे मिळून कार्यालयात जाऊ.